कडक भाकरीचा फत्तूश आणि शेजारणीचा निकाल

सोलापुरी_शारजात (धागाकर्ती)

मंडळी, मागच्या महिन्यात सासूबाई सोलापूरहून आल्या त्या साठ कडक भाकऱ्या घेऊन. कागदात गुंडाळलेल्या, वर चादर, त्यावर शेंगाचटणीचा डबा. विमानात बॅग आपटली असणार, तरी जेमतेम चार मोडल्या. घरात आम्ही माणसं तीन. पहिला आठवडा दही-चटणी-भाकरी झाली, दुसऱ्या आठवड्यात लेक म्हणाला, "आई, आता पुरे." डब्यात अजून पस्तीस होत्या.

आमच्या समोरच्या दारात एक लेबनीज बाई राहतात. बेका खोऱ्यातल्या झाहलेच्या, वय सत्तरीच्या पुढे. आम्ही सगळे त्यांना 'तांत' म्हणतो. शब्द फ्रेंच, पण त्यांच्याकडे काकू-मावशीला सर्रास हाच वापरतात. त्यांच्या हातचा फत्तूश, म्हणजे कच्च्या भाज्यांत रोटीचे तुकडे घालून केलेला आंबट पदार्थ, मी पाच वर्षं खातेय. हॉटेलात मिळतो तसा लेट्यूसचा डोंगर आणि वर तळलेल्या तुकड्यांची शोभा, असा नाही. त्यांच्याकडे रोटी भाज्यांच्या बरोबरीची असते.

अरबीत 'फत्त' म्हणजे मोडणं, तुकडे करणं. उरलेली रोटी मोडून घालायची, म्हणून फत्तूश. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसलेच. म्हणजे कुस्कराच की! आपण शिळी पोळी कुस्करून फोडणीला टाकतो, ते आंबटात टाकतात. तांत रोटीचा तुकडासुद्धा वाया जाऊ देत नाहीत. जमिनीवर पडला तर उचलून ओठांना लावतात, मग कपाळाला. २०२२च्या उन्हाळ्यात त्यांची बहीण बैरूतला रोटीच्या एका 'रब्त्या'साठी (पिशवीतल्या चवडीला ते रब्ता म्हणतात) तासन् तास रांगेत उभी राहायची. बंदरातली धान्याची कोठारं ४ ऑगस्ट २०२०च्या स्फोटात गेली होती, पैसा कोसळला होता, आणि गहू यायचा बराचसा युक्रेनहून. तेव्हापासून तांतच्या फ्रीजरमध्ये कायम चार रब्ते असतात. इथे खाली दुकानात रोटी चोवीस तास मिळते, पण ते त्यांना सांगून उपयोग नाही.

तर मूळ कृती, चार जणांसाठी, त्यांची:

एक मोठी लसणीची पाकळी खलबत्त्यात मिठाबरोबर अगदी लोणी होईपर्यंत वाटायची. खलबत्त्यातच तीन चमचे लिंबाचा रस, एक मोठा चमचा सुमाक (एका झुडपाच्या आंबट फळांची लालसर पूड), एक चमचा दिब्स रुम्मान म्हणजे डाळिंबाचा आटवलेला रस, चिमूटभर वाळलेला पुदिना. पाच चमचे ऑलिव्ह तेल. हे दहा मिनिटं तसंच ठेवायचं, सुमाक फुलतो. तीन टोमॅटो, तीन छोट्या काकड्या, पाच-सहा लाल मुळे, कांद्याची पात, एक हिरवी भोपळी मिरची, सगळं जरा मोठं चिरायचं. पार्सली आणि ताजा पुदिना मूठ मूठ, आणि बक्ले नावाची मांसल पानांची भाजी जुडीभर. ही पानं चिरायची नाहीत, खुडायची. रोटी दुपदरी असते, तिचे पदर सोडवून, तेल लावून कुरकुरीत भाजायचे आणि हातानं मोडायचे. वाढायच्या पाच मिनिटं आधी सगळं एकत्र.

पाच मिनिटं हा आकडा वादाचा आहे. तांतचे यजमान होते तेव्हा त्यांना वीस मिनिटं मुरलेला लागायचा, रोटी कडेनं कुरकुरीत आणि मध्ये रसानं भिजलेली. तांतला कुरकुरीत लागतो. एकाच घरात दोन वाडगे व्हायचे म्हणे.

आता माझा उद्योग. रोटीऐवजी कडक भाकरी. पहिल्या खेपेला सरळ मोडून घातली. घास घेईपर्यंत लगदा! ज्वारीत चिवटपणा नाही, ती कुरकुरीत असते नाहीतर लापशी, मधलं काही नाही. दुसऱ्या खेपेला दोन्ही बाजूंनी ऑलिव्ह तेल चोळून, वर थोडा सुमाक भुरभुरून ओव्हनमध्ये १६० अंशांवर पाच-सहा मिनिटं ठेवली. तेलाचा थर बसल्यावर चांगली दहा मिनिटं टिकली. शिवाय अजून एक डोकं लढवलं: दोन वांगी फोडी करून, तेल लावून, कडा काळपट होईपर्यंत भाजली आणि गार करून वरून घातली. सुमाक संपत आला होता, म्हणून सॉसमध्ये अर्धा आमचूर.

वाडगा घेऊन समोर गेले. मला वाटलं होतं, भाकरीवरून ओरडा बसणार. तांतनी भाकरीचा तुकडा उचलून कानाशी मोडला. आवाज ऐकला. खाल्ला. म्हणाल्या, "ही कुठली? छान आहे. मला दे थोड्या." वांग्याबद्दल म्हणाल्या, "हे कसलं नवीन? माझी आई तळून घालायची." मग पूर्ण घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "यात काय घातलंयस?" आमचूर सांगितलं. वाडगा माझ्याकडे परत सरकवला. "चव चांगली आहे. पण हा फत्तूश नाही, हे सॅलड आहे."

म्हणजे मी ज्याला क्रांती समजत होते ते दोन्ही पास, आणि ज्याचा विचारही केला नव्हता तिथे नापास. तुम्ही काय म्हणता?

---

तोंपासु_कायम

फोटो कुठंय? फोटोशिवाय पाककृती म्हणजे नवऱ्याशिवाय वरात.

---

मंडईकर

ताई, बक्ले म्हणजे आपली घोळ! शंभर टक्के. मांसल पानांची म्हणालात ना, तीच, लालसर देठ, जाड गुळगुळीत पानं, जराशी आंबूस. आमच्याकडे पुण्यात मंडईत बाहेर बसणाऱ्या मावश्यांकडे असते, जुडी घेताना त्या विचारतात, "घोळ की चिवळ?" चिवळ म्हणजे त्याच कुळातली बारीक पानांची, उन्हाळ्यात विदर्भ-खानदेशाकडची मंडळी तिच्यावर तुटून पडतात. सॅलडला मात्र मोठ्या पानांची घोळच बरी. आपण कायम डाळ घालून शिजवतो, ताक लावतो. कच्ची खायची कधी सुचलंच नाही. परवा मीठ-लिंबू लावून खाल्ली, काकडीसारखी करकर वाजते.

ज्यांना रानातून खुडायची हौस आहे त्यांनी एक बघा. जमिनीवर तशीच पसरणारी आणखी एक तणाची जात आहे, देठ मोडला की पांढरा चीक येतो. ती खायची नाही. घोळीचा देठ मोडला तर नुसतं पाणी.

---

सोलापुरी_शारजात

मंडईकर, अहो खरंच! मी पाच वर्षं 'बक्ले' म्हणून खातेय आणि लहानपणी आजीच्या ताटातली घोळ ओळखली नाही. शिजल्यावर कशी गिळगिळीत होते ना, त्यामुळे. तांत तो शब्द म्हणतात तेव्हा मधला 'क' गिळून टाकतात, म्हणून मला वर्षभर 'बाले' ऐकू यायचं.

---

सुभेदार_सातारकर

नमस्कार. मी सहसा वाचनमात्र असतो. पण हा धागा पाहून राहवलं नाही.

मी लेबनॉनमध्ये होतो, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत. आपली भारतीय बटालियन दक्षिण लेबनॉनमध्ये १९९८ साली गेली, एब्ल अस्-साकी भागात. आमच्या आधी तिथे वीस वर्षं नॉर्वेचे सैनिक होते, त्यामुळे गावातली पोरं आम्हाला बघून सुरुवातीला नॉर्वेजियनमध्ये काहीतरी ओरडायची, असं जुने लोक सांगत. माझी टर्म २००३-०४ची.

समोर हर्मोन पर्वत, तिकडे त्याला जबल अश्-शेख म्हणतात. मे महिन्यातसुद्धा माथ्यावर बर्फ. खाली ऑलिव्हची झाडं. एका गस्तीच्या वाटेवर एक म्हातारी ऑलिव्हच्या बुंध्याशी बसून काहीतरी खुडत होती. माझ्याबरोबरचा जवान कराडकडचा, शेतकऱ्याचा पोरगा. तो थांबला आणि म्हणाला, "सायेब, ही आज्जी घोळ खुडतीया." त्यानं खाली वाकून दोन देठ तोडले, तोंडात टाकले आणि तिच्याकडे बघून मान हलवली. भाषा कुणाचीच कुणाला येत नव्हती. म्हातारी इतकी हसली! दुसऱ्या फेरीच्या वेळी तिनं अंगणात बसवून वाडगाभर फत्तूश दिला. खाऊन झाल्यावर "सह्तैन" म्हणाली. दुभाषानं सांगितलं, अर्थ "दोन आरोग्यं", म्हणजे दुप्पट तब्येत लाभो.

तिच्या फत्तूशात डाळिंबाचा रस नव्हता एवढं नक्की आठवतं. सुमाक, लिंबू, लसूण बस्स. रोटीही साजवरची होती, म्हणजे पालथ्या लोखंडी तव्यावर भाजलेली, रुमालासारखी पातळ. खानदेशात पालथ्या खापरावर मांडे करतात ना, बघताना तीच आठवण आली. ती रोटी वाळली की पापडासारखी होते. त्यामुळे तुमच्या कडक भाकरीला तुमच्या शेजारीणबाई हो म्हणाल्या, यात मला नवल वाटलं नाही.

---

तोंपासु_कायम

सुभेदारसाहेब, कडक सॅलूट. फोटो मागणं मागे घेतो.

---

शेंडी_तुटो

मी जरा वाकड्यात शिरतो. हा सगळा खटाटोप कशासाठी? भाकरी सोलापूरची, वांगी कुठलीही, आंबट आमचूर. मग त्याला फत्तूश कशाला म्हणायचं? उद्या कुणी मिसळीत पास्ता घालून तिला 'मिसळीचा क्रिएटिव्ह ट्विस्ट' म्हणालं तर इथलेच लोक त्याच्या घरावर मोर्चा नेतील. दुसऱ्याच्या पदार्थाला हात लावताना मात्र आपण कलावंत!

---

सोलापुरी_शारजात

शेंडी, अर्धं मान्य. पण मिसळीत पास्ता घातला तर मिसळीचं काय राहतं? तर्री राहते की नाही, फरसाण राहतं की नाही, हे बघायला नको? तांतचं म्हणणं मला तसंच वाटतं. रोटी कुठलीही चालेल, कारण पदार्थाचा जन्मच 'घरात उरलेली कुठली तरी रोटी' यातून झाला. भाजी ऋतूप्रमाणे बदलते. आंबट मात्र सुमाकचंच. तर्रीशिवाय मिसळ नाही, तसं.

---

शेंडी_तुटो

हे पटलं. पण मग तुमचा आमचूरवाला वाडगा मिसळ नाही, उसळ-पाव झाला. शीर्षक बदला.

---

सोलापुरी_शारजात

शीर्षक पुढच्या, सुमाकवाल्या वाडग्याचं आहे. तो अजून व्हायचाय.

---

पोदेराची_सून

गोव्यातल्या फोंड्याहून. भाकरीचं राहू द्या, आमच्या पोयीचा विचार कुणी केलात का? पोय म्हणजे कोंड्याची गोल पोकळ पाव-रोटी. भट्टीत फुगते तेव्हा आत पूर्ण पोकळी, दोन पदर सुटे. अरबी रोटीचेही असेच दोन पदर ना? सकाळी पोदेर (पाववाला) सायकलवर भोंपू वाजवत येतो, संध्याकाळी पुन्हा. आमचं दुकानच पोयींचं, त्यामुळे रोज पाच-सहा उरतात. सासूबाई त्या उन्हात वाळवून चहात बुडवतात.

काल दोन पोयी उघडल्या, आतला मऊ भाग वर करून तव्यावर मंद आचेवर कडक केल्या. कोंडा असल्यानं चव जरा खमंग, भाजलेल्या गव्हासारखी. टोमॅटोच्या रसात पंधरा मिनिटं ठेवली तरी कडा वाजत होत्या. ताईंच्या भाकरीपेक्षा माझी पोय जास्त टिकली, हे नम्रपणे नोंदवते 🙂 सुमाक नव्हता, तेवढं माफ करा. आमसुलं वाळवून पूड केली.

---

सोलापुरी_शारजात

तांतला सांगितलं, तर त्या म्हणाल्या: "आमसूल म्हणजे काय?" दाखवलं. वास घेतला, जिभेला लावलं, आणि म्हणाल्या, "याचं सरबत करतात ना? मग सरबतच करा."

---

रसायनवाली_बाई

तांत बरोबर आहेत, आणि त्याला कारण आहे. सुमाकचा आंबटपणा मुख्यतः मॅलिक आम्लाचा, हिरव्या सफरचंदातलं आम्ल ते. त्यात तुरटपणाही भरपूर. सुमाकच्या झुडपाची पानं पूर्वी कातडी कमवायलाच वापरत. शिवाय फळाच्या सालीचा एक फळांसारखा वास. म्हणून तो जिभेवर झटकन लागत नाही, रेंगाळतो. कोकमात वेगळं आम्ल असतं, आणि मीठ लावून वाळवलेलं असल्यानं ते खारटकडे झुकतं. आमचूर चवीनं त्यातल्या त्यात जवळ, पण त्यात कैरीचा वास इतका ठाम की दुसरं काही सुचत नाही. सुमाक नसेलच तर लिंबू थोडं वाढवा आणि अगदी चिमूटभर अनारदाणा पूड घाला. नकलेपेक्षा कमतरता बरी.

दोन सूचना. बाजारातल्या बऱ्याच सुमाकात मीठ मिसळलेलं असतं, आधी चाखा आणि मगच सॉसमध्ये मीठ घाला. आणि सुमाक हे काजू-आंब्याच्या कुळातलं झाड आहे. ज्यांना काजूची ॲलर्जी आहे त्यांनी जपून.

अवांतर: घोळीत ऑक्झलेट बरंच असतं. मूतखड्याचा इतिहास असलेल्यांनी रोज वाडगाभर कच्ची खाऊ नये. बाकीच्यांनी बिनधास्त, पालेभाज्यांमध्ये ओमेगा-३ एवढं सापडणं दुर्मीळ.

---

सांगोल्याचा_डाळिंबवाला

दिब्स रुम्मान विकत कशाला घेता? आमच्या भागात फळाला तडा गेलेला माल मातीमोल जातो. घरी केलं: एक लिटर भगव्या जातीच्या डाळिंबाचा रस, जाड बुडाच्या पातेल्यात, झाकण न ठेवता, मंद आचेवर सव्वा तास. पाव लिटरच्या आत आला. चमच्याच्या पाठीवर बोट ओढलं तर रेघ राहिली पाहिजे. गार झाल्यावर अजून घट्ट होतो, म्हणून जरा पातळ असतानाच उतरवा. मी पहिल्यांदा चिक्की केली होती.

अडचण एकच. आपला भगवा गोड. तिकडे या कामाला आंबट डाळिंब वापरतात. म्हणून मी लिटरला दोन लिंबं पिळली, साखर शून्य. रंग सुरेख, काळपट लाल. साखर घातलेलं जे बाटलीत मिळतं त्यापेक्षा आमचं सरस, असं मी म्हणणारच.

---

मंडईकर

सांगोलेकर, पुण्याला कधी येताय? बाटली आणा, घोळ माझ्याकडून.

---

सुभेदार_सातारकर

एक राहिलं. रमजानात त्या गावात संध्याकाळी प्रत्येक घरातून खलबत्त्याचा आवाज यायचा. खजूर, मसूराचं सूप आणि फत्तूश, रोजा सोडायला हे तिन्ही असणारच. आमच्या चौकीवर एकदा पातेलं पाठवलं होतं, रोटी वेगळ्या कागदात बांधून. कागदावर अरबीत काहीतरी लिहिलं होतं. दुभाषानं वाचून दाखवलं: "आधी पोचा, मग घाला."

---

शेंडी_तुटो

हे लई भारी.

---

सोलापुरी_शारजात

अपडेट देते. शुक्रवारी ताजा सुमाक आणला, गडद विटकरी, जरा ओलसर. कोरडा भुसा झालेला घेऊ नका. आमचूर बाद. वांगी भाजून घातली, पण यावेळी फोडी वरून न घालता बशीच्या तळाशी ठेवल्या; मागच्या वेळी वांग्यांनी सगळं राखाडी करून टाकलं होतं. घोळ इथल्या भाजीबाजारात मिळाली. भाकरी वेगळ्या कागदात बांधली, सुभेदारांच्या गावासारखी, आणि समोर नेली.

तांतनी कागद उघडला, भाकरी स्वतः मोडून घातली. दोन घास खाल्ले. मी विचारलं, "आता?" उत्तर नाही. तिसरा घास. मग म्हणाल्या, "लसूण कमी आहे." उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, खलबत्ता घेऊन आल्या आणि माझ्या वाडग्यात माझ्यासमोर अर्धी पाकळी वाटून घातली.

डब्यात अकरा भाकऱ्या उरल्या होत्या. त्यातल्या सहा त्यांनी ठेवून घेतल्या. सासूबाईंना फोन करून सांगितलं, तर त्या विचारतात, "दिवाळीला येताना किती आणू, शंभर?"